मोरी, आकडा आणि मटका : मुंबईतील जुगारनियमनाचा शब्देतिहास

मुंबई इलाख्यात १८८७ साली संमत झालेला जुगार प्रतिबंधक कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या तिसऱ्या कलमात सार्वजनिक जुगारघराची व्याख्या दिली आहे. व्याख्या आटोपशीर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण येथे एकामागून एक उपखंड येत राहतात. कापूस, अफू वा अन्य मालाचा बाजारभाव. तो भाव सांगताना वापरलेल्या संख्येतील अंक. त्या भावातील चढउतार आणि त्या चढउताराचे अंक. शेअरचा भाव आणि त्याचेही अंक. पाऊस पडणे किंवा न पडणे. पडलेल्या पावसाचे प्रमाण आणि ते प्रमाण सांगणाऱ्या संख्येतील अंक. आणि अखेरीस पत्ते, चिठ्ठ्या किंवा आकडे धारण करणारी कोणतीही वस्तू हाताळून कोणत्याही रीतीने काढलेला अंक. यांपैकी कशावरही डाव चालत असेल तर ते घर, ती खोली, ती जागा जुगारघर ठरते.

ही यादी कोणा एका मसुदाकाराच्या कल्पनेतून एका बैठकीत उतरलेली नाही. शहराने एकेक खेळ शोधून काढला, न्यायालयाने तो कायद्याच्या शब्दांत बसत नसल्याचे सांगितले किंवा तशी शंका निर्माण झाली, आणि मग विधिमंडळाने शब्द वाढवला, अशा क्रमाने ती लांबत गेली. अफू, कापूस, शेअर, पाऊस आणि पत्ते हे मुंबईच्या आर्थिक इतिहासाचेच थर आहेत. विधिसंहितेला वाङ्मयीन संहितेप्रमाणे वाचण्याचा प्रघात तौलनिक अभ्यासात आता नवा राहिलेला नाही. परंतु मराठीच्या संदर्भात तो प्रामुख्याने सती, विधवाविवाह, संमतिवय अशा सुधारणाविषयक कायद्यांपुरता राहिला. जुगाराचा कायदा त्या मानाने हलका विषय समजला गेला. वास्तविक भाषेचा आणि दंडशक्तीचा संबंध येथे अधिक उघडा दिसतो, कारण एखादी कृती खेळ आहे, पैज आहे की व्यापार आहे, हे ठरवण्यावर कोणाच्या तरी तुरुंगवासाचा निर्णय अवलंबून असे.

शब्दांचीच चौकशी आधी करणे उचित ठरेल. ‘जुगार’ या मराठी शब्दाचे नाते संस्कृत ‘द्यूतकार’शी सांगितले जाते, म्हणजे मूळचा खेळणाऱ्याचा वाचक शब्द मराठीत खेळाचा वाचक झाला आणि खेळणाऱ्यासाठी ‘जुगारी’ हे वेगळे रूप घडवावे लागले. ‘सट्टा’ या शब्दाची कथा निराळी आहे. त्याचा जुना अर्थ करार, देवघेवीचा ठराव असा असून ‘साटेलोटे’ या जोडशब्दात तोच आशय जिवंत आहे. व्यापाराच्या वहीतील हा निरुपद्रवी शब्द पुढे जुगाराचा पर्याय बनला. एकीकडे द्यूताची, दुसरीकडे पेढीची अशा दोन वंशावळी मुंबईत एकत्र आल्या, आणि कायद्याला त्या पुन्हा वेगळ्या करून दाखवण्याचे काम करावे लागले. ते काम त्याला कधीही पूर्णपणे साधले नाही.

प्राचीन व्यवस्थेत हा पेच या स्वरूपात नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा राज्याचा अधिकारी आहे. त्याने जुगार एका ठिकाणी आणावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत, आणि गुप्तपणे उपजीविका करणाऱ्या संशयितांचा त्या निमित्ताने शोध घ्यावा, अशी योजना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत सभिक, म्हणजे जुगारघराचा चालक, राजाला ठरलेला भाग देतो आणि त्याच्या बदल्यात जिंकलेला पैसा वसूल करून देण्याचे उत्तरदायित्व राजा स्वीकारतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील दुसरा अंक या व्यवस्थेचे जिवंत रूप दाखवतो. दहा सुवर्ण हरून पळालेला संवाहक ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, आणि त्याचा पाठलाग करणारा सभिक माथुर स्वतःला गुन्हेगार मुळीच समजत नाही; तो उजळ माथ्याने आपले येणे मागतो आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले त्या काळात मात्र माथुराचा व्यवसाय इंग्रजी कायद्याने गुन्हा ठरलेला होता. प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या पेढीवाल्याला त्यातील विसंगती जाणवली असेल काय, हा प्रश्न नाट्येतिहासकारांनी अद्याप फारसा विचारलेला नाही.

अफूचा लिलाव

आधुनिक मुंबईतील कायद्याचा आरंभ अफूपासून होतो. कंपनी सरकार कलकत्त्यास बंगाल अफूचे लिलाव करी. त्या लिलावात पेटीमागे सरासरी किती भाव येईल यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. ज्या अफूवर पैज लागे ती अफू मुंबईच्या बंदरात येण्याची आवश्यकताच नव्हती. कलकत्त्याहून बातमी येण्यास दिवस लागत, आणि त्या मधल्या दिवसांतील अनिश्चितता हीच खरी विक्रीची वस्तू होती. अशाच एका व्यवहारातून रामलाल ठाकुरसीदास आणि सुजनमल धोंडमल यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ सालच्या त्या निकालाने व्यापाऱ्यांनाही चकित केले असावे: इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार पैज स्वतः बेकायदेशीर नाही, पैजेचे करार रद्द ठरवणारा १८४५ चा इंग्रजी कायदा हिंदुस्थानास लागू नाही, म्हणून येथील पैजेची रक्कम न्यायालयात मागता येते. त्याच वर्षी कंपनी सरकारने एकविसावा अधिनियम करून ही वाट बंद केली. पैजेचा करार निरर्थक ठरला आणि त्याच्या वसुलीसाठी दावा लावता येणार नाही असे घोषित झाले.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. निरर्थक म्हणजे निषिद्ध नव्हे. १८४८ च्या कायद्याने कोणालाही तुरुंगात टाकले नाही; त्याने केवळ राजाचा हात काढून घेतला. याज्ञवल्क्याच्या राजाने जे उत्तरदायित्व घेतले होते ते कंपनीच्या राजाने नाकारले, एवढाच त्याचा अर्थ. परिणामी पैजेची वसुली अब्रूवर, जातपंचायतीवर आणि पेढीच्या पतीवर सोपवली गेली. आणि ज्या समाजात पत हीच पुंजी असते तेथे ही वसुली न्यायालयापेक्षा कमी परिणामकारक होती असे समजण्याचे कारण नाही.

मुंबई सरकारने १८६५ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. पैजेचा मुख्य करारच नव्हे, तर त्याला पूरक असे दलालीचे, भागीदारीचे, उचल देण्याचे करारही मुंबई इलाख्यात निरर्थक ठरवण्यात आले. हे वर्षही बोलके आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या नावाशी जोडलेला शेअरबाजाराचा फुगा त्याच वर्षी फुटला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे त्या भरभराटीच्या ऐन काळात, प्रसिद्ध झाले होते हे सहज आठवते. १८६५ च्या या कायद्यामुळे मुंबईचा इलाखा उर्वरित हिंदुस्थानापासून कायमचा वेगळा पडला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख प्रकरणात पैजेसाठी केलेली भागीदारी वैध ठरवली, तेव्हा मुंबईत मात्र निराळा नियम असल्याची नोंद त्यास करावी लागली.

पावसाची मोरी

खऱ्या अर्थाने नगराचा असा पहिला जुगार पावसाचा होता. पावसाळ्यात पायधुणी-काळबादेवीच्या परिसरात ‘बरसात का सट्टा’ चाले. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले एस. एम. एडवर्ड्स यांच्या काळातील लेखनात त्याचे दोन प्रकार नोंदलेले आढळतात. ‘कलकत्ता मोरी’ या प्रकारात वाळू भरलेली पेटी गच्चीवर ठेवलेली असे. ठरलेल्या अवधीत पावसाचे पाणी त्या वाळूतून झिरपून खाली येते की नाही यावर बोली लागत. ‘लकडी सट्ट्या’त छपराची पन्हळ भरून वाहते की नाही हे पाहिले जाई. ढगांचा रंग, वाऱ्याची दिशा, समुद्रावरून येणारी सर यांचे अनुमान करणारे जाणकार त्या गच्च्यांवर बसत आणि मिनिटागणिक बोली बदलत जाई. ‘कलकत्ता मोरी’ हे नावच सांगते की हा खेळ मारवाडी व्यापाराच्या वाटेने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात आला.

१८८७ चा कायदा संमत झाल्यावर पोलिसांनी या जागांवर खटले भरले. १८८९ साली नरोत्तमदास मोतीराम प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रश्न आला तो शब्दाचा. कायद्यात शिक्षा होती ती जुगाराचा खेळ खेळण्याबद्दल. पावसावर पैज लावणारा माणूस खेळतो काय? फासे टाकणारा फासे टाकतो, पत्ते वाटणारा पत्ते वाटतो. पाऊस मात्र कोणी पाडत नाही. न्यायालयाने पैज आणि खेळ यांत भेद केला आणि पावसावरील बोली ही पैज असली तरी कायद्याच्या अर्थाने जुगाराचा खेळ नव्हे असे ठरवले. सरकारने प्रत्युत्तरास विलंब लावला नाही. १८९० च्या पहिल्या अधिनियमाने मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पावसावरील पैज गुन्ह्याच्या कक्षेत आली. कलकत्त्यात हीच घटना काही वर्षांनी घडली. बडा बाजारातील मारवाडी व्यापाऱ्यांनी पावसाचा सट्टा हा आपला जुना आचार आहे असे म्हणून विरोध केला, तरी १८९७ मध्ये बंगाल सरकारने तो बंद करणारा कायदा केलाच.

दोन्ही शहरांतील शासनकर्त्यांचा युक्तिवाद सारखाच होता: या खेळात कारागीर, नोकर, स्त्रिया, मुले सारेच ओढले जातात. व्यापाऱ्यांचे उत्तर असे की शेतीवर उभ्या असलेल्या बाजारात पावसाचा अंदाज हाच व्यापाराचा पाया आहे, आणि कापसाच्या वायद्यात तरी पावसावाचून दुसरे काय विकले जाते? या उत्तरातील तथ्य सहजासहजी नाकारता येत नाही. ज्या गृहस्थाने सकाळी वायदेबाजारात पुढील हंगामाचा कापूस विकला आणि सायंकाळी गच्चीवर पन्हळीवर पैज लावली, तो दोन्ही वेळा एकाच ढगाकडे पाहत होता. कायद्याने त्याला सकाळी व्यापारी आणि सायंकाळी गुन्हेगार ठरवले.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १८८७ च्या जुगार कायद्यापाठोपाठ १८८८ मध्ये मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. रस्ते, पाणी, मोऱ्या, बाजार, कत्तलखाने यांचा कारभार निवडून आलेल्या नगरसेवकांच्या वाट्याला आला; जुगारघरावर छापा घालण्याचा अधिकार मात्र सरकारनियुक्त पोलीस आयुक्ताकडे राहिला. त्यामुळे गच्चीवरची मोरी सांडपाण्याचा मार्ग म्हणून पालिकेच्या अखत्यारीत आणि जुगाराचे साधन म्हणून पोलिसांच्या अखत्यारीत अशी विभागली गेली. शहराचे नैतिक जीवन शहराच्या प्रतिनिधींवर सोपवू नये, हा वसाहतवादी शासनाचा संकेत स्वातंत्र्यानंतरही बदलला नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत चौतिसाव्या क्रमांकावर आहे आणि त्यांवरील कर २०१६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत बासष्टाव्या क्रमांकावर होते. नगरपालिकांच्या वाट्याला त्यातून विशेष काही आले नाही.

घोडा आणि कापूस

पावसावर बंदी घालणाऱ्या त्याच कायद्याने घोड्याला सूट दिली. शर्यतीच्या दिवशी, मैदानाच्या परवानाप्राप्त आवारात घोड्यावर लावलेली पैज जुगाराच्या व्याख्येतून वगळण्यात आली. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालापासून शर्यतींचे स्थान होते; १९१२ च्या कायद्याने शर्यतीच्या मैदानांना परवाने देण्याची पद्धत घातली आणि १९२५ च्या कायद्याने पैजेवर कर बसवला. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष अशा रीतीने अश्वारूढ होऊन परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. गच्चीवरील ढगाचे अनुमान हे कौशल्य नव्हते आणि घोड्याच्या पायाचे अनुमान मात्र कौशल्य होते, ही भूमिका १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन प्रकरणात औपचारिकपणे मांडली: घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय. पावसाच्या जाणकारांना अशी संधी मिळाली नाही. त्यांचा खेळ त्यापूर्वी शंभर वर्षे मोडीत निघाला होता.

कापसाच्या बाबतीत भेदरेषा हेतूवर आखली गेली. १८९२ च्या टॉड विरुद्ध लखमीदास या प्रकरणापासून मुंबई उच्च न्यायालयाने असा निकष लावला की उभय पक्षांना प्रत्यक्ष माल देण्याघेण्याचा हेतू मुळीच नसेल आणि केवळ भावातील फरकच चुकता करावयाचा असेल तरच तो करार पैज समजावा. एका पक्षाचा हेतू पुरेसा नाही, दोघांचा हवा. मोठ्या पेढीला हे सिद्ध होऊ न देणे कठीण नव्हते. पुढे ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या नियमांखाली वायदेबाजार अधिकृत झाला आणि शिवडीच्या कापूसबाजारात जे घडे ते व्यापार, बाहेरच्या फुटपाथवर जे घडे तो सट्टा, असा स्थलवाचक अर्थभेद रूढ झाला.

परंतु फुटपाथवरील माणसाला कापसाची गासडी नको होती. त्याला भावाचा शेवटचा अंक पुरेसा होता. अफूच्या लिलावापासून चालत आलेली ‘आंक’ लावण्याची रीत आता कापसावर आली. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईस येई, आणि त्या संख्येतील अंकावर चार आण्यांपासून बोली लागे. भाव काय आहे, तो का चढला, अमेरिकेत पीक कसे आहे, यांच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. संख्येतून अर्थ काढून टाकून उरलेला निव्वळ अंक, अशी ही चिन्हव्यवस्था होती. कायद्याच्या मसुद्यात जो ‘भाव सांगताना वापरलेल्या संख्येतील अंक’ असा अवघड शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतो, तो या अमूर्तीकरणाचा पाठलाग करतो आहे. कायद्याचे ‘१२ अ’ हे कलम तर त्याही पुढे जाते: जुगाराला साहाय्य व्हावे या हेतूने वृत्तपत्र, पत्रक किंवा कोणतीही माहिती छापणाऱ्यास, विकणाऱ्यास वा वाटणाऱ्यास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. आक्षेपार्ह मजकुराच्या इतिहासात राजद्रोही आणि अश्लील लेखनाची चर्चा नेहमी होते. केवळ एक आकडा छापल्याबद्दल अटक होऊ शकते, ही नोंद त्या इतिहासात क्वचितच केली जाते.

शब्दकोड्याचा खटला

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत महत्त्वाचा निकाल मात्र आकड्यांवर नव्हे, शब्दांवर झाला. १९४८ साली मुंबई राज्याने लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर लादणारा कायदा केला. तेव्हा शब्दकोड्यांच्या स्पर्धा बहरात होत्या. थोड्या आण्यांच्या प्रवेशशुल्कावर हजारोंची बक्षिसे लावली जात, आणि सीलबंद ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल तो विजयी ठरे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून अशी कोडी चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी आपल्या स्पर्धा मुंबईत करपात्र नसल्याचा दावा केला. पत्र म्हैसूर राज्यात छापले जात असले तरी मुंबईतून प्रवेशिका जात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी राज्याच्या बाजूने निकाल दिला: या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या आहेत, आणि जुगार हा संविधानाने संरक्षित केलेला व्यापार किंवा व्यवसाय नव्हे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या निकालातील एक भाग विशेष उद्बोधक वाटावा. जुगार व्यापार का नव्हे, हे सांगताना सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी भारतीय वाङ्मयाची साक्ष काढली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त, महाभारतातील पांडवांची दुर्दशा, मनूचा संपूर्ण निषेध, याज्ञवल्क्य, बृहस्पती आणि कौटिल्य यांचे राज्यनियंत्रणाचे मत, अशी ही मालिका आहे. स्मृतिकारांत बंदी आणि नियंत्रण असे दोन पक्ष आहेत हे न्यायालयाने प्रामाणिकपणे नोंदवले. कौटिल्य व्यवहारी असल्याने त्याला राज्याच्या उत्पन्नाचे वावडे नव्हते, हेही त्यातून दिसते. परंतु ऋग्वेदातील अक्षसूक्त हा काही धर्माज्ञेचा ग्रंथ नव्हे. तो बोलतो आहे तो हरलेल्या जुगाऱ्याच्या मुखाने. फाशांचा मोह, घरातून तुटलेपण, परत न खेळण्याचा संकल्प आणि तो मोडणे, असे त्याचे आंतरिक नाट्य आहे. न्यायालयाच्या वाचनात हे नाट्य सपाट होऊन एक प्राचीन निषेधपत्र उरते. मृच्छकटिकाला तर साक्षीस बोलावलेच नाही, आणि ते स्वाभाविकही होते. ज्या वाङ्मयात सभिक अधिकृत व्यावसायिक म्हणून रंगमंचावर वावरतो ते वाङ्मय या युक्तिवादाला अडचणीचे ठरले असते. परंपरेची निवड करूनच परंपरेचा हवाला दिला जातो, याचे हे ठळक उदाहरण आहे. अवघ्या दोन वर्षांनी, घेरूलाल पारख प्रकरणात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने पैजेचा करार निरर्थक असला तरी अनैतिक म्हणून त्याज्य नाही असे सांगितले. दोन निकालांत तार्किक विसंवाद नसेलही, पण स्वर निश्चितच वेगळा आहे.

मटका

साठच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव मुंबईस मिळणे बंद झाले. आकड्याचा उगमच आटला, म्हणून खेळ संपेल अशी अपेक्षा करता आली असती. घडले उलटेच. वरळीत कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडा येथेच निर्माण करण्याची रीत सुरू केली, असे सामान्यतः सांगितले जाते. मडक्यात चिठ्ठ्या टाकून एक काढणे, ही तिची मूळ कल्पना. ‘मटका’ हे नाव त्यातून आले. पुढे मडके गेले आणि पत्त्यांचा जोड आला: तीन पाने काढावयाची, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यावयाचा, रात्री पुन्हा तीच क्रिया. एकेरी आकड्याला नऊपट मिळे. दहांत एक संभाव्यता आणि नऊपट परतावा, यातील एका भागाचा फरक हाच चालकाचा नफा.

मटक्याच्या परिभाषेचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. पहिल्या आकड्यास ‘ओपन’ आणि दुसऱ्यास ‘क्लोज’ म्हणतात. मडक्यात काही उघडत नाही आणि पत्त्यांत काही बंद होत नाही. हे दोन्ही शब्द न्यूयॉर्कच्या उघडत्या आणि बंद होत्या भावाचे अवशेष आहेत. कापूस गेला, तार गेली, अमेरिका गेली, शब्द राहिले. त्यांच्या जोडीस ‘जोडी’, ‘पाना’, ‘संगम’ असे देशी शब्द आले, आणि ‘आकडा लावणे’, ‘आकडा फुटणे’ ही क्रियापदे गिरणगावच्या बोलीत इतकी मुरली की ती जुगाराबाहेरही लाक्षणिक अर्थाने वापरली जाऊ लागली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, त्या जगातील कितीतरी शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागल्याची त्यांची कबुली मराठी समीक्षेत प्रसिद्ध आहे. मध्यमवर्गीय वाचकाच्या मराठीपासून हे महानगरी मराठी किती दूर होते, याचे ते प्रमाण म्हणता येईल. हिंदी चित्रपटाने मात्र या जगाची दखल लवकर घेतली. फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’तील (१९७५) प्रमुख व्यक्तिरेखा मटक्याच्या धंद्यावरून सुचली असे मानले जाते.

मटका गिरणीकामगाराच्या पगाराच्या दिवसावर जगला. पाच-दहा पैशांचीही चिठ्ठी घेतली जाई, वसुलीस कागद लागत नसे, आणि जिंकलेल्याला पैसे हमखास मिळत. १८४८ नंतर न्यायालयाने नाकारलेली वसुली येथे विश्वासावर चाले, आणि त्या विश्वासाच्या मागे प्रसंगी दहशतही उभी असे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने गिरणगाव मोडले, नव्वदच्या दशकात पोलिसांच्या कारवायांनी मोठे अड्डे शहराबाहेर गेले, तेव्हा या विश्वासाचा सामाजिक पायाच खचला होता. कायद्याने मटका संपवला, असे म्हणण्यापेक्षा मटका खेळणारा कामगारच शहरातून नाहीसा झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

याच काळात शासनाने स्वतः आकडा विकण्यास प्रारंभ केला होता. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिच्या तिकिटावरील आकडा वैध, फुटपाथवरच्या चिठ्ठीवरचा अवैध. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयी कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय घेतला. याउलट त्याच १९७६ सालच्या गोव्याच्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आणि पाण्यावरील जहाजांत जुगार यांना मुभा मिळाली; पणजीसमोर मांडवीत उभी असलेली जहाजे ही त्याची फलश्रुती. शेजारच्या दोन प्रदेशांनी एकाच वर्षी आरंभलेली ही वाटचाल अशी दुभंगली. महालक्ष्मीच्या मैदानाचा महापालिकेशी असलेला भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि त्या जमिनीचे काय करावे, हा वाद शहराने दशकभर केला. त्या वादात उद्यानाची चर्चा झाली, मोकळ्या जागेची झाली. घोड्यावरील पैज आणि पन्हळीवरील पैज यांत कायद्याने केलेला भेद त्यात कोणाला आठवल्याचे दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, आणि हे करताना कौशल्य व दैव हा भेद बाजूला ठेवला. १८८७ च्या कायद्यातील तेरावे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला, तो कोठेही खेळला गेला तरी, संरक्षण देते. परिणामी पैसे लावून खेळलेला एखादा कौशल्याचा खेळ चटईवर बसून एका कायद्याखाली आणि दूरध्वनीच्या पडद्यावर दुसऱ्या कायद्याखाली पाहावा लागेल. तिसऱ्या कलमातील यादीत मात्र या घडामोडींमुळे काहीही कमी झालेले नाही. कलकत्त्याचे अफूचे लिलाव केव्हाच बंद झाले, पायधुणीच्या गच्च्यांवरील वाळूच्या पेट्या कोणी पाहिलेल्या नाहीत, तरी अफूचा भाव, पावसाचे प्रमाण आणि ते सांगणाऱ्या संख्येतील अंक त्या व्याख्येत आपापल्या उपखंडांत उभे आहेत.